ससा माझा, पळणं साडूचं

आर अक्षराचे सगळे शब्द टाचणीच्या टेबलावर आले आणि त्यातला नेमका एक शब्द साडूच्या टेबलावर गेला, त्या दिवसापासून टाचणीला अन्न गोड लागेना.

शब्द होता 'रन'.

हसू नका. तुम्हाआम्हाला रन म्हणजे पळणं, विषय संपला. पण इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत ज्यानं डोकं पिकवलंय त्याला विचारा. इंग्रजाचं नाक गळतं तेव्हा ते रन होतं. त्याचा नळ वाहतो तोही रन, त्याचं दुकान चालतं तेही रन, धुताना सदऱ्याचा रंग जातो तोही रन. एवढासा शब्द, पण त्याच्या पोटात शंभराच्या वर अर्थ! त्या कोशातला सगळ्यात लठ्ठ शब्द तोच होता.

आणि कचेरीचा रिवाज असा, की सगळ्यात लठ्ठ शब्द जो तडीला नेईल त्याला सहसंपादकाची खुर्ची. खिडकीजवळची, हात टेकायला दांडे असलेली. शिवाय कोशाच्या पहिल्या पानावर ठळक नाव. बाकीच्यांची नावं शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, छपाईची शाई पुरवणाऱ्याच्या शेजारी. टाचणी बावीस वर्षं त्या शाईवाल्याच्या शेजारी राहत होता.

"रॅबिट म्हणजे ससा मला दिला," त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं, "आणि पळणं तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला!"

"मग सशाला काय धाड भरलीये?" बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "एकच अर्थ त्याला. लिहा आणि वेळेवर घरी या."

घरचा माणूस असा. बाहेर दाद कुठं मागायची?

टाचणी हे त्याचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. बोलणं टोचायचं म्हणून कुणीतरी ते चिकटवलं, आणि गड्याला ते इतकं आवडलं की सहीच्या जागी तो टाचणीचं चित्र काढायला लागला. एक ठिपका आणि खाली उभी रेघ. कोशाचं काम चिठ्ठ्यांवर चालतं: एका अर्थाला एक चिठ्ठी, वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली वापराचं एक वाक्य, आणि उजव्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याची सही. बावीस वर्षांत अशा किती टाचण्या त्यानं काढल्या असतील! झोपेतही त्याचा अंगठा उशीच्या कोपऱ्यात ठिपका टेकवायचा, असं बायको सांगायची.

साडूला कचेरीत चिकटवला तोही टाचणीनंच, हे खरं दुखणं. चार वर्षांपूर्वी मेहुणी डोळ्याला पदर लावून आली होती, "भावोजी, ह्यांचं काहीतरी बघा हो." भावोजींनी बघितलं. संपादकबाईंकडे शब्द टाकला, शेजारचं टेबल रिकामं करून दिलं, पेन्सिलीला टोक कसं काढायचं तेही शिकवलं. आणि आता बघा. कानामागून आली अन् तिखट झाली.

बरं, माणूस भांडकुदळ असता तर मजा तरी आली असती. पण साडू म्हणजे लोण्याचा गोळा. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन हा टाचणीच्याच टेबलाशी यायचा.

"दादा, एक विचारू? माणसाला ताप येतो तेव्हा इंग्रज ताप 'रन' करतो. ह्याला आपलं काय लावू? ताप चढणं, का ताप भरणं?"

"तुझ्यामुळं मला येतो तो लाव."

"हॅहॅ! दादा, तुम्ही म्हणजे ना," असं म्हणून साडू हसत हसत ते वहीत टिपून घ्यायचा. टोचावं तर टाचणीच वाकायची.

तरी हे सगळं टाचणीनं गिळलं असतं. घशात अडकलं ते बाईंचं हसू.

संपादकबाई हसत नसत. दोरी लावलेला चष्मा, हातात लाल पेन्सिल, तोंडाला कुलूप. ते कुलूप उघडायला टाचणीनं बावीस वर्षं काय काय केलं नव्हतं! बाईंच्या चष्म्याच्या घरात काकडीच्या चकत्या ठेवल्या. टायपिस्टच्या खणात रबरी पाल सोडली, ती टायपिस्ट किंचाळत टेबलावर चढली, सगळी कचेरी पोट धरून हसली. बाईंनी पाल उचलली, निरखली आणि म्हणाल्या, "पालीला बोटं पाच असतात. हिला चार आहेत." झालं!

आणि एका सकाळी साडूची चिठ्ठी वाचताना त्याच बाई खुदकन हसल्या. बघता बघता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मग उठून उभ्या राहिल्या आणि चिठ्ठी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

"अमेरिकन निवडणुकीत पळतो, आपण निवडणुकीला उभे राहतो. निवडून आल्यावर दोघंही बसतात."

कचेरी हसली. टायपिस्ट तर टेबल बडवत होती. टाचणीही हसला, पण तोंडानं. बावीस वर्षं ज्या दारावर त्यानं डोकं आपटलं, ते ह्या लोण्याच्या गोळ्यानं नुसतं टेकून उघडलं!

"वाक्य छान आहे," बाई साडूला म्हणाल्या. "छापायचं नाही. पण छान आहे."

त्याच दुपारी टाचणीनं ठरवलं.

आता कचेरीतली आणखी एक पद्धत कळल्याशिवाय खोडीची चव कळणार नाही. शब्दाचं काम संपलं की चिठ्ठ्यांची लाकडी पेटी शेजारच्या टेबलाला वाचायला जायची, आणि शेजाऱ्याची ह्याला. प्रत्येक चिठ्ठीमागं वाचणाऱ्यानं 'पाहिले' लिहून सही करायची. नंतर चूक सापडली तर बाई लिहिणाऱ्याला धरायच्या नाहीत, वाचणाऱ्याला धरायच्या. त्यांचं म्हणणं ठरलेलं: "लिहिणारा चुकतोच. वाचणारा झोपतो." म्हणजे साडूचं 'रन' टाचणी वाचणार, आणि टाचणीचा बाकीचा सगळा आर साडू वाचणार.

तेव्हा बेत असा. साडूच्या पेटीत एक बनावट चिठ्ठी सोडायची, साडूच्याच गोलगोल अक्षरात. मग पेटी वाचायला आली की आपणच ती पकडायची आणि बाईंच्या समोर बोंब ठोकायची, "बाई, हे काय हो!" चोरही आपण, पोलीसही आपण. सशाचे मालक शिकारीला निघाले.

अर्थ काय लिहावा ह्यावर त्यानं दोन दिवस घालवले. साधी चूक नको, तिच्यात मजा नाही. चूक अशी हवी की बघताच बाईंनी कपाळाला हात लावावा. शेवटी अंघोळ करताना सुचलं, आणि त्याला इतकं हसू आलं की बायकोनं दार वाजवून विचारलं, "आत कोण आहे तुमच्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी साडू डबा धुवायला गेला तेवढ्यात टाचणीनं चिठ्ठी लिहून काढली.

'रन. मांजराने बंद दाराशी बसून कुणाचीतरी वाट पाहणे. वाक्य: आमची मनी सकाळपासून रन करते आहे, दार उघडा.'

अक्षर असं हुबेहूब, की साडूच्या आईनंही 'बाळ माझं' म्हणून छातीशी धरलं असतं. चिठ्ठी पेटीत मधोमध खोचली, आणि साडू हात पुसत आला तेव्हा टाचणी सुपारी कातरल्यासारखं गंभीर तोंड करून ससा तपासत बसला होता.

संध्याकाळी साडूनं चिठ्ठ्या मोजल्या, पेटीवर आकडा घातला, वर कागदी पट्टी चिकटवली. एकदा पट्टी लागली की आत चिठ्ठी टाकायची नाही, काढायची नाही. पेट्यांची अदलाबदल झाली.

"दादा, सांभाळून वाचा हं," साडू म्हणाला. "माझ्या फार चुका असतील."

"एक तरी असेलच," टाचणी म्हणाला.

घाईघाईनं पट्टी फाडून त्यानं मधोमध हात घातला. मांजर नव्हतं.

पुढं बघितलं, मागं बघितलं. सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या. मांजर नाही! पेटी उलटी करून ठोकली तर एक मेलेलं झुरळ पडलं. गेलं कुठं मांजर? आणि विचारणार कुणाला? 'अरे, मी तुझ्या पेटीत एक खोटी चिठ्ठी टाकली होती, दिसली का?' असं?

मग त्यानं दुसरा मार्ग धरला. मांजर नाही तर नाही, खरी चूक शोधू. शंभरावर चिठ्ठ्या आहेत, एक तरी खडा निघेलच. तीन दिवस तो डाळ निवडल्यासारखा बसला. आणि तीन दिवसांत जे झालं ते कुठल्याही शत्रूवर येऊ नये. खडा निघाला नाही. वर प्रत्येक चिठ्ठी वाचून आतून एकच आवाज यायचा: हे मला सुचायला हवं होतं. रंग 'पसरतो' नव्हे, रंग 'जातो'. बरोबर. वस्तू संपते त्याला 'खलास होणं' पण दिलंय. तेही बरोबर. मेल्यानं एक फट ठेवली नव्हती नखाएवढी.

आणि वाक्यं! वाक्यं वाचताना त्याच्या कानात कुणीतरी ओळखीचं बोलायला लागलं.

'साखर संपली हे ह्या घरात फक्त माझ्याच लक्षात येतं.'

'हट्टीपणा ह्यांच्या घराण्यातच आहे.'

'नळ चालू ठेवून हे वर्तमानपत्र वाचतात.'

'ह्यांचं तोंड एकदा सुटलं की थांबत नाही.'

टाचणी ताडकन उठला. ही तर त्याची बायको! त्याच्याच घरचं पीठ, आणि भाकऱ्या साडूच्या नावावर!

घरी जाऊन चपला काढायच्या आत त्यानं विचारलं, "तू बहिणीशी फोनवर काय काय बोलतेस?"

"का? काय झालं?"

"आपल्या घरातली साखर संपली ते कोशात छापून येतंय!"

"मग आणा की साखर," बायको म्हणाली. "तो बिचारा ऐकतो तरी. तुम्ही बावीस वर्षं शब्द गोळा करताय, माझा एक तरी कधी गोळा केलात?"

दुसऱ्या दिवशी त्यानं एकेका चिठ्ठीमागं 'पाहिले' लिहून खाली टाचणी काढली. प्रत्येक टाचणी स्वतःच्याच बोटात घुसत होती.

दोन आठवड्यांनी छापखान्यातून आरचं पहिलं प्रूफ आलं, आणि संपादकबाईंनी दोघांना आत बोलावलं. जाताना टाचणीनं सदरा खेचून सरळ केला. खुर्चीचा निकाल आज लागणार हे उघड होतं. त्याची आशा अजून सुटली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना.

बाईंच्या टेबलावर प्रूफ पसरलं होतं. एका जागी लाल वर्तुळ.

"वाचा," बाई टाचणीला म्हणाल्या.

टाचणीनं वाचलं. 'रूमर: अफवा.' त्याखाली, 'रन: मांजराने बंद दाराशी बसून कुणाचीतरी वाट पाहणे.' त्याखाली, 'रंग: शिडीची पायरी.'

त्याच्या पायाखालची शिडी गेली. रनच्या बाकी सगळ्या चिठ्ठ्या अजून साडूच्या वेगळ्या पेटीत होत्या, त्यांची छपाई पुढं व्हायची होती. आणि टाचणीच्या स्वतःच्या आरमध्ये, अफवेच्या आणि शिडीच्या मधोमध, मांजर निवांत बसलं होतं. शंभरावर अर्थांच्या शब्दाला छापील अर्थ एकच, आणि तो हा!

"हे टाचणींच्या पेटीतून छापलं गेलं," बाई म्हणाल्या. "ती पेटी कुणी वाचली?"

"मी," साडू म्हणाला.

"ही चिठ्ठी पाहिलीत?"

"पाहिली. मागं 'पाहिले' लिहिलंय मी. झोपलो, बाई. दोष माझा."

टाचणीनं मनात हिशेब मांडला. म्हणजे बेत भलत्या वाटेनं का होईना, मुक्कामाला पोचला होता. आपण गप्प राहायचं, बस्स. खुर्ची चालत येईल.

बाईंनी खणातून मूळ चिठ्ठी काढली. चष्मा डोळ्यांवर चढवून अक्षर निरखलं, पुन्हा एकदा निरखलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"अक्षर तर तुमचंच आहे," त्या साडूला म्हणाल्या, आणि त्यांना पुढं बोलवेना. "बंद दाराशी... वाट पाहणे... अहो, आमच्या घरचा बोका अगदी हेच करतो! कसं सुचलं हो तुम्हाला? तुम्ही अशीही गंमत करता? मला वाटलं तुम्ही नुसते हुशार आहात." आणि चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "चूक ती चूक. पण इतक्या वर्षांत इतकी देखणी चूक पाहिली नाही मी."

साडू तोंड उघडून उभा. तो काही बोलणार, तेवढ्यात टाचणीच्या आत काहीतरी फाटलं. शब्द दिला, ठीक. खुर्चीवर डोळा, ठीक. बायकोची वाक्यं नेली, तीही नेऊ दे. पण खोडी? आयुष्यात एकदा बाई खोडीला हसल्या, ती खोडी टाचणीची, आणि हार साडूच्या गळ्यात?

"मांजर माझं आहे!" तो ओरडला.

बाई थांबल्या.

"माझं! अंघोळीत सुचलं मला! अक्षर त्याचं काढलंय, पण डोकं माझं आहे. हा काय मांजर काढणार, ह्याला चार ओळींत विनोद सांगताना दोनदा माफी मागावी लागते! खोटं वाटत असेल तर बघा, बघा, हा कोपरा!" त्यानं चिठ्ठी हिसकावून घेतली आणि उजव्या कोपऱ्यावर बोट आपटलं. एक ठिपका आणि खाली उभी रेघ. "ही टाचणी कुणाची? आहे का दुसऱ्या कुणाची? हातच्या काकणाला आरसा कशाला!"

आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

हात अक्षर बदलायला शिकला होता, पण सही बदलायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बावीस वर्षांची सवय. चिठ्ठी संपली, कोपरा आला, टाचणी निघाली.

"सही बघूनच तर मी ती तुमच्या पेटीत ठेवली, दादा," साडू हळूच म्हणाला. "मोजताना सापडली. म्हटलं, दादांची चिठ्ठी चुकून इकडं आली. ज्याची सही त्याची पेटी, तुम्हीच शिकवलंय."

"आणि अर्थ वाचून तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण तुमची सही होती. मनात आलं, दादांना ठाऊक असेल, आपल्याला काय कळतंय." साडूनं मान खाली घातली. ती घालताना त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, का टाचणीला तसा भास झाला, कोण जाणे. हे लोणी इतकं मऊ आहे की आत सुरी आहे, हा प्रश्न टाचणीला त्यानंतर कायमचा चिकटला.

बाईंनी लाल पेन्सिल उचलली. प्रूफातल्या मांजरावर आडवी रेघ मारली.

"सहसंपादक हे," त्या साडूकडं पेन्सिल करून म्हणाल्या. "झोपले म्हणून पुढचे सहा महिने सगळी प्रूफं दोनदा वाचतील. आणि तुम्ही, टाचणी, उद्यापासून एस अक्षर घ्या."

"एसमध्ये 'सेट' आहे," टाचणीचे डोळे चमकले. सेट म्हणजे रनच्या तोडीचा लठ्ठ.

"सेट सोडून," बाई म्हणाल्या.

तो दाराशी पोचला तेव्हा मागून काच सरकल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर बाई टेबलावरची काच उचलून मांजराची चिठ्ठी खाली सरकवत होत्या, घरच्या बोक्याच्या फोटोशेजारी. तिच्यामागं त्यांनी लिहिलेलं काहीतरी ओझरतं दिसलं. लाल अक्षरात 'पाहिले' असावं. कोपरा मात्र त्यांनी झाकला नव्हता.

बाहेर साडू खिडकीजवळच्या खुर्चीवर अजून बसला नव्हता. दांड्यावरची धूळ रुमालानं पुसत होता. "दादा, आधी तुम्ही बसा ना एकदा," तो म्हणाला.

टाचणी बसला. खुर्ची जरा करकरली, पण ऐसपैस होती. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. तो दोन मिनिटं बसला, दांड्यांवर हात घासले, आणि उठताना उशीखाली खिशातली रबरी पाल ठेवून दिली.

संध्याकाळी त्यानं साखरेची पिशवी बायकोच्या हातात दिली तेव्हा तिनं विचारलं, "मग? कुणाचं नाव लागलं?"

"दोघांचं," टाचणी म्हणाला. "त्याचं पहिल्या पानावर."

"आणि तुमचं?"

"काचेखाली."

बायकोनं पिशवी खाली ठेवली, आणि फोन उचलून बहिणीचा नंबर लावला.